नळी सुटीच ठेवायची

वडगावातल्या आमच्या घरात वीज गेली की सगळे जागे व्हायचे. मागच्या खोलीत दोन पॉवरलूम होते, आणि त्यांच्या खडखडाटात आम्ही पाळण्यापासून झोपत आलो होतो. तो थांबला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटून डोळे उघडत. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवतानाही ओरडूनच बोलायचे. रागावलेले असायचे म्हणून नाही, दिवसभर मागाच्या आवाजावर आवाज काढून गळ्याला तीच सवय लागलेली होती. आई खिडकीपाशी बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागात आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती बोटाएवढी नळी, तिच्यावर आडवा धागा गुंडाळायचा. घरात पाऊल टाकलं की आधी तेलाचा आणि खळीचा वास यायचा, मग चुलीवरच्या हुलग्यांचा. पाहुणे म्हणत, तुमच्या भाकरीलासुद्धा तेलाचा वास येतो. आम्हाला कधी आला नाही.

या घरात टिकली आली ती आईच्या हातच्या भाकरीमुळं. तांबूस रंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका असलेली गल्लीतली कुत्री. पिल्लू होती तेव्हा पायरीवर निजायची. वर्षभरात तिचे पाय असे लांब झाले की पायरी तिला पुरेना. ती कट्ट्यावर चढे, कट्ट्यावरून भिंतीवर, भिंतीवरून शेजारच्या पत्र्यावर. मी तेव्हा नववीत होते. शाळेतून आले की तिच्या मागं पळायचं हेच माझं काम.

एके दिवशी दुपारी ती मागाच्या खोलीच्या खिडकीतून आत उडाली आणि नेमकी ताण्यावर उतरली. मागावर उभे ताणलेले हजारो धागे असतात, त्यांच्यावर. घाबरून सुटायला बघताना तिच्या नखांनी शेदीडशे धागे तुटले. लग्नाच्या हंगामातली साडी होती. आप्पांनी आणि आईनं तो एकेक धागा शोधून सांधला, त्यात दीड दिवस गेला. शेवटची गाठ मारून आप्पा उठले आणि म्हणाले, "हिला उद्या कंग्राळीच्या मळ्यात सोडून येतो. तिथं हुंदडू दे काय हुंदडायचं ते."

मी रडले. आईनं माझी बाजू घेतली नाही. पण आप्पांचा आवाज गल्लीभर जात असल्यामुळं हे बोलणं घरामागच्या मोकळ्या जागेपलीकडं राहणाऱ्या हवालदार काकांनी ऐकलं.

हवालदार काका म्हणजे यशवंत कांबळे. निपाणीजवळच्या खेड्यातले. लष्करात कुत्र्यांच्या तुकडीत आयुष्य काढून निवृत्त झाले आणि आमच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधून एकटेच राहत होते. बायको आधीच वारली होती. ते बौद्ध आहेत ही माहिती त्यांचं सामान उतरायच्या आधी आमच्या गल्लीत उतरली होती. कुणी त्यांना वाईट बोलत नसे, पण त्यांच्या दारात कुणी बसतही नसे. संध्याकाळी ते आमच्या परसातल्या बुटक्या भिंतीपाशी आले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चकचकीत बूट.

"अण्णा, रागावू नका, पण बोलतो," ते आप्पांना म्हणाले. "कुत्रं वाईट न्हाय. बिनकामाचं हाय. आपण काम दिलं न्हाय की ते आपलं आपण काम शोधतंय. मला एक महिना द्या."

"आणि परत मागावर आली तर?"

"तर कंग्राळीला मी स्वतः सोडून येतो."

आप्पांनी मान हलवली. महिन्याची मुदत मिळाली.

आता माझी भाची मोबाईलवर कुत्र्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ बघते. हिरव्यागार गालिच्यावर रंगीत अडथळे, त्यातून वाऱ्यासारखी पळणारी केसाळ कुत्री. ते सामान घरपोच मिळतं, असंही तिनं दाखवलं. बघताना माझे हात शिवशिवतात, कारण यातली प्रत्येक वस्तू मी केलेली आहे, आणि एकही विकत घेतलेली नाही. घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि तसलं काही विकत मिळतं हेही ठाऊक नव्हतं.

मोकळी जागा कुणा पुण्याच्या माणसाची होती. तिथं आम्ही सगळे मागाचा कचरा टाकायचो. काकांनी आधी तो कचराच उलथापालथा केला. मोडक्या मागाच्या लाकडी पट्ट्या निघाल्या, फुटक्या कांड्यांची पोती निघाली. शेजारच्या बांधकामावर वायरिंगच्या नळ्यांचे तुकडे पडले होते, ते गवंड्याला विचारून आणले. उडीसाठी दोन खांब लागतात आणि त्यांवर एक आडवी नळी. खांब म्हणजे मागाची पट्टी. ती उभी राहावी म्हणून गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात रोवून डब्यात उरलासुरला सिमेंटचा गिलावा ओतला. पट्टीवर वितीवितीच्या अंतरानं कांड्या ठोकल्या. त्या खुंट्या झाल्या. कांडी गोल आणि गुळगुळीत, त्यामुळं तिच्यावर ठेवलेली नळी नुसत्या धक्क्यानं गडगडून खाली पडे.

मला ते आवडलं नाही. "काका, खाच पाडूया की. पडतीया सारखी."

"पडायलाच पायजे," काका म्हणाले. "पाय लागला की नळी पडली पायजे, कुत्रं न्हाय. नळी सुटीच ठेवायची. हे एक ध्यानात ठेव, बाकी विसरलीस तरी चालंल."

दुसरी वस्तू बांबूंची. बारा काठ्या दोन-दोन फुटांवर एका ओळीत रोवायच्या आणि कुत्र्यानं नागमोडी त्यांच्या मधून जायचं. आमची जमीन तांबडी आणि टणक. पहारीनं भोकं पाडताना माझ्या तळहाताला फोड आले. तिसरी वस्तू म्हणजे चढण. काकांच्या गावाकडच्या घराची जुनी दारं बिजागरीनं वरच्या बाजूला जोडून छपरासारखी उभी केली. लाकडावरून पंजे घसरतात म्हणून त्यावर रंग फासला आणि रंग ओला असतानाच चाळणीनं वाळू भुरभुरली. वाळल्यावर हात फिरवला तर कानशीसारखं लागलं. ही युक्ती मी पुढं घराच्या जिन्यालाही केली, अजून टिकून आहे.

टिकलीला काका खिशातून सुकट द्यायचे. आमच्या घरात सुकट चालायची नाही, म्हणून आईला कळू नये यासाठी मी परत येताना हात राखेनं घासायची. आई हात हुंगायची आणि भाकरी वाढायची. काकांकडं मी चहाही प्यायचे. गुळाचा, आलं ठेचून घातलेला, स्टीलच्या फुलपात्रात. तेही घरी सांगत नव्हते. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, की मी लपवत होते म्हणजे कशासाठी लपवायचं हे मला नीट कळलेलं होतं.

काकांची रीत संथ होती. नळी आधी जमिनीवर. टिकली तिच्यावरून चालली तरी शाबासकी. मग घोट्याएवढी. मग विती-दीड वितीची. "हिच्या खांद्याच्या वर आपण कधीच जायाचं न्हाय," ते सांगत. सकाळी शाळेआधी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पंधरवड्यात टिकली बांबूंमधून शेपूट हलवत जायला लागली, आणि घरी आली की पायरीवर अंग टाकून झोपायला लागली. महिना झाला तरी ती मागाच्या खोलीकडं फिरकली नव्हती. आप्पा एका संध्याकाळी हात पुसत मोकळ्या जागेपर्यंत आले, तिची एक फेरी बघितली आणि म्हणाले, "आयला, डोंबारीण हाय की." कंग्राळीचं नाव पुन्हा निघालं नाही. गोष्ट इथं संपली असती तर मला लिहायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर काका दोन दिवस गावाकडं गेले. जाताना म्हणाले, "तिला नुसती फिरीव. उड्या नगंत." पण माझ्या वर्गातल्या चार मुली शहापुरातून मुद्दाम टिकलीला बघायला येणार होत्या. मी शाळेत बरंच सांगून ठेवलं होतं, आणि सांगताना नळी माझ्या कमरेपर्यंत नेली होती. मुली आल्या. मी नळी कमरेएवढ्या कांडीवर ठेवली. दुपारचं वारं सुटलेलं होतं. नळी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा एकीनं तोंडाला ओढणी लावली आणि बाकीच्या हसल्या. मी घरात गेले, ताण्याचा उरलेला धागा आणला, चार पदरी केला आणि नळी दोन्ही बाजूंनी कांडीला घट्ट बांधली.

टिकली पळत आली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, हे मला आठवतं. मी हात वर केला. तिचे पुढचे पाय नळीत अडकले, नळी हलली नाही, आणि दोन्ही खांब सिमेंटच्या डब्यांसकट तिच्यावर आले. आधी डबा आदळल्याचा आवाज आला, मग तिचा. मुली पळाल्या. मी खांब बाजूला ओढले, आणि तिला उचलायच्या आधी, हे मला लिहिलंच पाहिजे, तिला उचलायच्या आधी मी दातांनी धागे तोडले आणि खिशात कोंबले.

आप्पा माग बंद करून धावत आले. एका डागी साडीत तिला गुंडाळून रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कानडीत विचारत होते, आप्पा कानडीत सांगत होते, आणि मी टिकलीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, जोडलं जाईल, पण आधीसारखं होईल असं नाही. "कसं झालं?" आप्पांनी मला विचारलं. "उडी मारताना पडली," मी म्हटलं. एवढंच.

काका परत आले त्या संध्याकाळी आप्पा भिंत ओलांडून त्यांच्या दारात गेले. मी मागं उभी होते. आप्पांचं ओरडणं रागाचं नसायचं असं मी आधी लिहिलं, पण त्या दिवशी ते रागाचंच होतं. कुत्रं मोडलं, पोरीच्या अंगावर डबा आला असता तर काय, हे नसते खेळ कुणी सांगितले होते, असं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्यासारख्यास्नी जवळ केलं हीच आमची चूक."

त्या वाक्याचा टिकलीच्या पायाशी काही संबंध नव्हता. गल्लीतले जे मागच्या दारांत उभे होते त्यांनाही ते समजलं, आणि कुणी मान खाली घातली नाही.

काका आप्पांकडं नाही, मोकळ्या जागेकडं बघत होते. दोन्ही खांब आडवे पडलेले होते. सुटी नळी पडली तर खांब पडत नाहीत. ज्या माणसानं इतकी वर्षं हे काम केलं त्याला ते बघितल्याबरोबर कळलं असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोटं खिशात घातली, धागा तिथंच होता. मग ते म्हणाले, "मी नव्हतो हितं. जबाबदारी माझीच." आणि आत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, सावकाश लावलं.

पुढचे आठ-दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे, पण खरं म्हणजे मी जेवत होते, शाळेत जात होते आणि टिकलीला कालवलेली भाकरी भरवत होते. खोटं अंगवळणी पडायला फार दिवस लागत नाहीत. काका सकाळी फिरायला जाताना आता पलीकडच्या वाटेनं जायचे.

मग एका रविवारी आप्पांनी न्हाणीच्या चुलीसाठी ते खांब फोडायला काढले. मी भांडी घासत होते. कुऱ्हाडीचे दोन-तीन घाव ऐकू आले आणि मग थांबले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. दुपारी जेवायला बसलो. भाकरी, शेंगांची चटणी, ताक. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. कांडी होती, आणि तिच्याभोवती धाग्याचा वेढा. दातांनी तोडताना मी नळीचा धागा तोडला होता, कांडीवरची गाठ तशीच राहिली होती.

"ही गाठ कुणाची?" आप्पांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

गाठ आमच्या घरातली होती हे कुणीही सांगितलं असतं. पण मी डावरी. माझी गाठ उलटी बसते, आणि लहानपणी आप्पांनीच ती सुलटी करायला मला शिकवता शिकवता हार मानली होती. आई म्हणाली, "सुमे, बोल."

"माझी," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, मुलींचं, वाऱ्याचं, खिशातल्या धाग्याचं.

मला वाटलं आप्पा मारतील. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतला आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. "मी काय बोलून आलो तिथं," ते म्हणाले. आईला उद्देशून नाही, मलाही नाही. थोड्या वेळानं उठून त्यांनी टोपी घातली. "चल."

काका ओसरीवर बूट घासत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. मी बांधली होती, तुम्ही नको म्हणाला होता तरी, आणि धागा मी तोडला. काकांनी ब्रश खाली ठेवला. "ठाऊक हाय," ते म्हणाले. मला हायसं वाटलं नाही. इतके दिवस त्यांना ठाऊक होतं आणि ते गप्प होते, हे जास्त लागलं.

आप्पा वळून निघाले. त्यांना वाटलं असावं, झालं काम. तेव्हा काका म्हणाले, "अण्णा, पोरीनं तिचं सांगितलं. तुमचं सांगायचं ऱ्हायलंय."

आप्पा थांबले. आमच्या घरांच्या मागच्या दारांत बायका होत्या, त्याच त्या दिवशीच्या. आप्पा उंबऱ्याकडं बघत होते. "मी बोललो ते वाईट बोललो," ते शेवटी म्हणाले. "पायाचं न्हाय म्हणत. ते दुसरं. ते बोलाय नको होतं."

"व्हय," काका म्हणाले. "नको होतं."

चहा कुणी विचारला नाही, मिठ्या कुणी मारल्या नाहीत. त्या दिवसानंतर दोघांची गट्टी जमली असंही नाही. पण दोघं वाटेत भेटले की आधी नमस्कार आप्पा करायचे, शेवटपर्यंत. काकांनी ब्रश उचलला आणि मला विचारलं, "प्लास्टर कधी काढणार?"

प्लास्टर निघालं. टिकलीचा पाय थोडा आखूड राहिला होता, चालताना खांदा खाली जायचा. पण खरं मोडलं होतं ते वेगळंच. मोकळ्या जागेच्या कडेला आली की ती बसायची. नळी जमिनीवर नुसती पडलेली दिसली तरी अंग चोरायची. मी बोलावलं तर नजर दुसरीकडं वळवायची. आप्पांनी हाक मारली तर जायची, आईनं मारली तर जायची. तिथं माझ्या हातातली सुकटही तिनं घेतली नाही.

"नळ्यांचं विसर आता," काका म्हणाले. "उडी हिच्या नशिबातनं गेली. पण काम पायजे. बोगदा करू."

हिंडलग्याच्या एका मळेवाल्याकडं विहिरीच्या काळ्या पाइपचा निकामी तुकडा होता, तो मी सायकलला बांधून आणला. त्याचे नऊ तुकडे कापून, वाकवून गोल कडी केली, टोकं आत लाकडाची खुंटी ठोकून जोडली. वरून कापड हवं होतं. मी जुनी पोती घेऊन बसले होते. आई आली, पोती बाजूला सारली आणि डागी साड्यांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला. कुठं धागा सुटलेला, कुठं रंग फुटलेला, बाजारात न जाणारा माल. "पोत्याचं कुसळ लागंल की तिला," ती म्हणाली. दोन दुपारी शिलाई मशीनवर बसून तिनं साड्या जोडून कड्यांवर बसवल्या, कडं सरकू नये म्हणून दुहेरी टीप मारली. बोगदा लोळू नये म्हणून उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली आणि दोन्ही अंगांना टेकवल्या. टिकलीला मळ्यात सोडायचं ठरलं तेव्हा माझी बाजू न घेणारी माझी आई. तिनं ना मला त्या खोट्याबद्दल एक शब्द बोलून दाखवला, ना काकांकडच्या चहाबद्दल.

पंधरा फुटांचा तो बोगदा मांडला तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली. जांभळा, मोरपंखी, मग चटणी रंग, मध्येच जरीचा काठ. टिकली तोंडाशी येऊन बसली आणि बसूनच राहिली. मी पलीकडच्या तोंडातून हाका मारल्या. तिनं मान वळवली.

"ती येणार न्हाय," काका म्हणाले. "तिनं का यावं? तू जा आधी."

"मी?"

"मग कोण, मी?"

मी तेव्हा पंधरा वर्षांची. परकर-पोलकं सुटून नुकती पंजाबी ड्रेसवर आलेली. गल्लीतल्या बायका, बापये, सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून बोगद्यात शिरायचं. कुणीतरी हसलंही. मी टिकलीच्या शेजारी बसले, ओढणी कमरेला बांधली आणि आत शिरले.

आत खळीचा वास होता. साड्यांतून ऊन गाळून येत होतं, माझे हात जांभळे दिसत होते, थोडं पुढं गेल्यावर हिरवे. गुडघ्याखाली खडे टोचत होते. बाहेरची बोलणी लांब गेल्यासारखी झाली. निम्म्यावर पोचले तेव्हा मी थांबले, कारण मागं काहीच ऐकू येत नव्हतं. मग कापड सळसळलं. एक पाऊल, मग थोडं थांबून दुसरं. आखूड पायाचं पाऊल कसं पडतं ते मला पाठ झालेलं होतं. माझ्या उघड्या तळव्याला गरम श्वास लागला.

मी वळणार होते. बाहेरून काकांचा आवाज आला, "मागं बघू नको. पुढं चल."

मी पुढं सरकले. ती माझ्या मागनं आली.